नागपूर ते मल्लेश्वरम: सहा जणांचं घर कसं हललं आणि कसं बसलं

केस माझ्या मोठ्या बहिणीच्या घरची आहे. त्यांना विचारून लिहितेय, नावं कुणाचीच टाकत नाही. घरात सहा माणसं: ताई, भाऊजी, भाची (तेव्हा आठवीत जाणार होती), भाचा (तिसरीत), आणि ताईचे सासू-सासरे, त्यांना मी काका-काकूच म्हणते. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे, वय 74, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. काकू 69, शुगर आहे, गुडघे दुखतात. नागपुरात प्रतापनगरच्या बाजूला स्वतःचं घर, भाजी खामल्याच्या बाजारातून, डॉक्टर वीस वर्षांपासून एकच. 2024 च्या जानेवारीत भाऊजींना बेंगळुरूची ऑफर आली, ऑफिस व्हाइटफिल्डला आयटीपीएल या आयटी पार्कमध्ये, पगारात चांगला फरक पडत होता आणि जूनपर्यंत जॉइन व्हायचं होतं. मी इथे आधीपासून राहते, त्यामुळे घर शोधण्यापासून गॅसपर्यंत सगळ्यात होते.

हे सविस्तर लिहायचं कारण एकच. शहर बदलणाऱ्याला सगळे जण डोळे झाकून एक सल्ला देतात की घर ऑफिसजवळ घे, बाकी सगळं होतं. या घराने उलटं केलं. जो माणूस दिवसभर घरात असणार त्याच्या हिशोबाने एरिया निवडला, आणि त्याची किंमतही मोजली. माझ्या मते निर्णय बरोबर होता, का ते खाली.

पहिला प्रश्न घराचा नव्हताच, काका-काकूंना न्यायचं की नाही हा होता. नातेवाइकांपैकी बरेच जण म्हणत होते की म्हातारपणी झाड उपटू नका, त्यांना राहू द्या तिकडेच, बाई ठेवा, महिन्याला एक चक्कर मारा. काकांनाही आधी तेच हवं होतं. काकूंचं वेगळं होतं, त्या एवढंच म्हणाल्या, "मी तिथे दिवसभर काय करून राहणार ते आधी सांगा, मग येते की नाही ते सांगते." सगळ्या चर्चेत सगळ्यात कामाचं वाक्य हे निघालं. कारण भाऊजींचा दिवस ठरलेला होता, मुलांचा शाळेमुळे ठरणार होता, काकूंच्या दिवसाबद्दल कुणीच बोलत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ताईच्याही. ताई नागपुरात एका सीएच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न्स बघायची, दहा वर्षांची नोकरी, आणि "तिला काय, तिकडे मिळेलच काहीतरी" असं सगळ्यांनी परस्पर धरून टाकलं होतं. तिच्यावर पुढे येतेच.

एरिया

सुरुवातीला बघितली ती सगळी व्हाइटफिल्डचीच घरं, मोठ्या गेटेड सोसायट्या, स्विमिंग पूल, क्लब हाऊस, ऑफिस दहा मिनिटांवर. फ्लॅट खरंच छान होते. पण ते 2024 चे फेब्रुवारी-मार्च, म्हणजे नेमका तो उन्हाळा जेव्हा बेंगळुरूच्या पाण्याची बातमी देशभर गाजत होती. आधीच्या वर्षी पाऊस कमी झालेला, बोअरवेल आटलेल्या, आणि शहराच्या बाहेरच्या भागात, जिथे कावेरीचं पाणी तेव्हा नीट पोचलेलंच नव्हतं, तिथे सगळी मदार टँकरवर. आम्ही गेलो त्या एका सोसायटीत लिफ्टमध्येच कागद लावलेला, पाणी सकाळी इतके ते इतके, गाड्या धुवायच्या नाहीत. (महापालिकेत नंतर आलेल्या त्या 110 गावांसाठी कावेरी पाणीयोजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, रोज 775 दशलक्ष लिटरचा, पण आम्हाला घर मार्चमध्ये ठरवायचं होतं.) बोअरचं पाणी जड असतं ते वेगळंच, नळांवर पांढरा थर दिसत होता.

पाणी हे एक कारण. दुसरं म्हणजे काकूंचा प्रश्न. त्या सोसायट्यांमधून बाहेर पडलं की सर्व्हिस रोड, ट्रॅफिक, फुटपाथ असला तर असला. भाजी ॲपवर, दूध ॲपवर, औषधं ॲपवर. भाऊजी म्हणाले की सगळं घरपोच येतं, आईला बाहेर जायची गरजच पडणार नाही. ताई म्हणाली, "तेच तर नकोय." नागपुरात काकू रोज संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायच्या, अर्धा किलो भेंडीला अर्धा तास लावायच्या, वाटेत चार जणींशी बोलायच्या. तेच त्यांचं चालणं, तेच शुगरचं औषध, तीच मैत्रिणींची भेट. ते बंद केलं तर त्या सहा महिन्यांत खाटेला लागतील असं ताईचं स्पष्ट म्हणणं होतं आणि मला ते शंभर टक्के पटलं.

मग आम्ही ठरवलं की घर बघताना एकच गोष्ट तपासायची: काकू एकट्या, कुणाला न विचारता, मोठा रस्ता न ओलांडता दूध, भाजी, देऊळ आणि डॉक्टर या चार ठिकाणी पायी जाऊन येऊ शकतात का. हे लावल्याबरोबर यादी एकदम छोटी झाली. जयनगर, बसवनगुडी, मल्लेश्वरम, राजाजीनगरचा थोडा भाग, असे जुने वस्तीचे एरिये राहिले. त्यातलं मल्लेश्वरम निवडलं ते मेट्रोमुळे. पर्पल लाइन ऑक्टोबर 2023 मध्ये व्हाइटफिल्डपर्यंत पूर्ण सुरू झाली होती आणि आयटीपीएलला अगदी लागून पट्टंदूर अग्रहार स्टेशन आहे. म्हणजे भाऊजींनी संपिगे रोडहून ग्रीन लाइन पकडायची, मॅजेस्टिकला बदलायचं आणि थेट ऑफिससमोर उतरायचं. हीच मेट्रो वर्षभर आधी अर्धवट होती तेव्हा मी त्यांना हे घर घ्या असं म्हटलंच नसतं, रोज कारने तेवढं अंतर म्हणजे माणूस संपतो.

घर मिळालं ते मार्गोसा रोडच्या आतल्या गल्लीत, दुमजली जुनं घर, खाली भाडेकरू वर मालक-मालकीणबाई. भाडं 42,000, डिपॉझिट अडीच लाख. इथे डिपॉझिटचा आकडा ऐकून महाराष्ट्रातल्या माणसाला धक्का बसतो, पूर्वी सरसकट दहा महिन्यांचं मागायचे, आता पाच-सहा महिन्यांवर घासाघीस करून येतात. करार 11 महिन्यांचा, आणि सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे, ती करारात लिहिलेली असते ती आधी वाचायची. आम्ही त्यातच लिहून घेतलं की बाथरूममध्ये धरायला दोन स्टीलचे हँडल बसवू आणि जाताना काढणार नाही. ते हँडल सामान यायच्या आधी बसले. माझ्या मते घरात म्हातारं माणूस असेल तर सोफा आणि वायफायच्या आधी हे करायचं.

काय नेलं, काय नाही

कूलर विकले. नागपुरात मे महिन्यात 45 च्या आसपास पारा जातो तिथे कूलर हा घरचा मेंबरच, बेंगळुरू साधारण 900 मीटर उंचीवर आहे, इथे पंखा पुरतो. कारही विकली, त्यावर भाऊजी बरेच दिवस नाराज होते. पण हिशोब असा की दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर नवीन नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी नागपूर आरटीओची एनओसी, लोन असेल तर बँकेची एनओसी, मग कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स, जो देशात सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी आहे, आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मिळवायला वेगळा अर्ज. आठ वर्षं जुन्या गाडीसाठी एवढं करण्यात अर्थ नव्हता. गाडी नवी असती आणि कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असती तर बीएच सिरीजचा, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणाऱ्या नंबरचा, विचार करता आला असता, ती सोय 2021 पासून आहे. स्कूटर मात्र आणली, पेट्रोल पूर्ण काढून रेल्वे पार्सलने, तिची एनओसी सोबतच काढून ठेवली.

सामानाचा ट्रक हा एकच खरा वैताग झाला. नागपूर, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर असा हायवे 44 सरळ आहे, साधारण 1,100 किलोमीटर. पण मूव्हर्सवाल्याने मध्ये कुठेतरी सामान दुसऱ्या गाडीत भरलं, उशीर केला आणि दारात आल्यावर जास्तीचे पैसे मागितले, दिले नाही तर उतरवणार नाही असं. ताईकडे प्रत्येक खोक्याचा नंबर, फोटो आणि ईमेलवरचं ठरलेलं कोटेशन होतं, सगळं जीएसटीसकट. ती ट्रकसमोर उभी राहून एकेक कागद दाखवत गेली आणि शेवटी ठरलेल्याच पैशांत सामान उतरलं. तोंडी कोटेशनवर कुणी घर हलवू नका, फक्त हेच सांगते.

एक वस्तू ट्रकमध्ये नाही गेली. काकूंच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे. ते त्यांनी विमानात मांडीवरच्या पिशवीत आणले, सिक्युरिटीच्या पोराला हिंदीत समजावून सांगितलं की देव आहेत, नीट ठेव.

कागदपत्रं थोडक्यात सांगते कारण ती वाटतात तेवढी अवघड नाहीत, फक्त क्रम चुकला की अडकतात. नागपूर सोडायच्या आधी गॅस एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून टीव्ही घेतला, म्हणजे टर्मिनेशन व्हाउचर, डिपॉझिट परत मिळतं आणि इथे त्याच कागदावर कनेक्शन मिळतं. नागपूरचं लोकसभेचं मतदान 19 एप्रिलला होतं, ते करूनच निघाले, नंतर सावकाश फॉर्म 8 भरून नाव इकडे आणलं. भाडेकरार भाऊजींच्या नावाने, मग त्यांच्या आधारचा पत्ता आधी बदलला आणि बाकीच्यांचा कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन झाला, ही सोय 2023 पासून आहे आणि बऱ्याच जणांना माहीतच नसते. विजेचं एक वेगळंच होतं. कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली 200 युनिटपर्यंतची सवलत भाडेकरूलाही मिळते, पण त्या मीटरला आधीच्या भाडेकरूचं आधार जोडलेलं असेल तर ते आधी डी-लिंक करावं लागतं. आधीचा भाडेकरू शहर सोडून गेला की त्याला फोन करत बसायचं. घराची किल्ली घेतानाच हे मालकाला विचारून घ्या.

शाळा

वेळ बरोबर साधली ती इथे. भाची आठवीत जाणार होती. सीबीएसईत नववीला बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं, त्यानंतर दहावीला शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी वगैरे लागते, म्हणजे ऑफर वर्षभराने आली असती तर कदाचित भाऊजी एकटेच आले असते. दुसरं, इथली शाळा मे संपता संपता सुरू होणार होती. विदर्भात उन्हामुळे राज्य बोर्डाच्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे नागपूरकडच्या माणसाच्या डोक्यात जून म्हणजे अजून वेळ आहे असं बसलेलं असतं, तसा वेळ नसतो. मधल्या वर्गांत जागा मोजक्या निघतात, म्हणून आम्ही एरिया पक्का झाल्याबरोबर शाळांना विचारायला लागलो.

कन्नडची भीती सगळ्यात जास्त होती. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने शाळेत कन्नड शिकणं सक्तीचं आहे, सीबीएसईच्या शाळांतही. आपल्याकडेही 2020 मध्ये मराठीसाठी असाच कायदा झाला, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही आणि ताईने मुलांसमोर ती कधी केलीही नाही. भाचा तिसरीत, त्याने वर्गातच उचललं, दिवाळीपर्यंत तो भाजीवाल्याशी बोलत होता. भाचीचं अवघड गेलं. तेरा वर्षांच्या मुलीला बाराखडीपासून सुरू करायचं, वर्गातली बाकीची मुलं निबंध लिहितायत, मैत्रिणी सगळ्या नागपुरात. पहिले दोन-तीन महिने ती घरात कुणाशी नीट बोलायची नाही, मला फोन करून म्हणायची की मावशी, मला तुझ्याकडे राहायला येऊ दे. ताईने एक शहाणपण केलं, तिला "सवय होईल" असं एकदाही म्हटलं नाही. नागपूरच्या दोन मैत्रिणींना दसऱ्याच्या सुट्टीत इकडे बोलावलं, तिकिटं स्वतः काढली. भाचीने त्यांना मल्लेश्वरम फिरवलं, मेट्रोने कब्बन पार्कला नेलं, डोसा कुठे खायचा ते दाखवलं. आपल्या शहरासारखं दाखवत होती हे आमच्या नंतर लक्षात आलं. त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही, पण रडून फोन येणं थांबलं.

काका-काकूंचं मला वाटलं होतं त्याच्या उलट झालं. काकू लवकर रुळल्या, काका उशिरा. काकूंना पहिल्याच आठवड्यात आठव्या क्रॉसचा बाजार सापडला, फुलं, केळीची पानं, ताज्या शेंगा, आणि ज्वारीचं पीठही, कारण उत्तर कर्नाटकातली माणसं इथे भरपूर आहेत आणि त्यांची भाकरी आपल्या भाकरीची बहीणच. पंचांग तर जवळपास तेच, श्रावण तोच, युगादी म्हणजे आपल्या पाडव्याचाच दिवस. श्रावणात मालकीणबाईंनी वरमहालक्ष्मीच्या पूजेला वर बोलावलं, ओटी भरली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, मोडकं हिंदी आणि हातवारे, तरी दीड तास बसल्या होत्या. मग सप्टेंबरात महालक्ष्म्या. 10 तारखेला आवाहन. नवीन घरात बसवायच्या की या वर्षी ताईच्या दिराकडे नागपुरात ठेवायच्या यावर घरात वाद झाला होता, काकूंनी ऐकलं नाही. सोळा भाज्या आठव्या क्रॉसला मिळाल्या, आंबिलीची ज्वारी मिळाली, सवाष्ण म्हणून मालकीणबाई जेवायला आल्या. त्यांच्याकडे गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी येते, आपल्याकडे नंतर, यावर त्यांना फार नवल वाटलं. माझ्या हिशोबात हे घर त्या दिवशी लागलं. सामान जूनमध्येच लागलं होतं.

काकांना माणसं हवी होती, मराठी बोलणारी, वाद घालणारी. ते सकाळी सँकी टँकला चक्कर मारायचे, 1882 मध्ये बांधलेला तलाव, झाडं चांगली, पण बोलायला कोणी नाही म्हणून कंटाळून लवकर परत यायचे. फरक पडला तो घराजवळच्या काडू मल्लेश्वराच्या देवळामुळे. तिथे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचा 1669 चा शिलालेख आहे, देवळाला गाव इनाम दिल्याचा. शहाजीराजांची जहागीर बेंगळुरूला होती हे काकांनी आयुष्यभर वर्गात शिकवलेलं, आणि ते त्याच्याच दारात राहायला आले होते. मग गांधीनगरचं महाराष्ट्र मंडळ शोधलं, तिथे दोन-चार समवयस्क भेटले, आता काका नवीन आलेल्या मराठी माणसांना देऊळ दाखवायला नेतात. पेन्शनची काळजी होती ती नोव्हेंबरात मिटली, जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला घरबसल्या गेला.

डॉक्टरचं मात्र आम्ही वेळेत केलं म्हणून निभावलं. निघताना नागपूरच्या डॉक्टरांकडून काकूंच्या औषधांची, मागच्या रिपोर्ट्सची, कुठलं औषध सोसलं नाही त्याची नीट लिहिलेली चिठ्ठी आणली होती, तीन महिन्यांची औषधंही. इथे आल्यावर काही दुखत नसतानाच जवळच्या डॉक्टरकडे जाऊन ओळख करून ठेवली. जुलैत एका रात्री शुगर खाली गेली तेव्हा कुठे जायचं हा प्रश्नच आला नाही.

किंमत

ही भाऊजींनी आणि ताईने भरली, म्हणून ती लिहायलाच हवी. भाऊजींचे जाऊन-येऊन रोजचे तीन तास जातात. मॅजेस्टिकला गाडी बदलताना सकाळची गर्दी भयंकर असते. फेब्रुवारी 2025 मध्ये मेट्रोचं जास्तीत जास्त तिकीट 60 वरून 90 झालं, तो बोजा वेगळा. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळतं म्हणून चाललंय, रोज जायची सक्ती झाली तर हा निर्णय पुन्हा टेबलावर येईल, ते स्वतःही तसं सांगतात.

ताईने जुनं काम घरून अर्ध्या पगारावर चालू ठेवलं, कारण सीए साहेब भले होते. पण दिवसा मूव्हर्स, गॅस, शाळा, बँक, काकूंची तपासणी, आणि रात्री दहानंतर रिटर्न्स, असं तिचं जवळजवळ आठ महिने चाललं. ऑफरचा हिशोब घरात मांडला तेव्हा भाऊजींचा वाढलेला पगार एका बाजूला होता आणि भाडं, शाळा, डिपॉझिट दुसऱ्या बाजूला. ताईचा कमी झालेला पगार आणि तिचे ते महिने त्या कागदावर कुठेच नव्हते. मी हे भाऊजींना तोंडावर बोलले आणि त्यांनी मान्य केलं. नवीन शहरात घर बसवणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, ते कोण करणार आणि त्या काळात त्याच्या कमाईचं काय, हे ऑफर लेटरवर सही करायच्या आधी लिहून काढायला हवं, आणि शक्य असेल तर नवऱ्याने जॉइनिंग महिनाभर पुढे ढकलून निम्मं काम स्वतः करायला हवं. 2025 च्या उन्हाळ्यात ताईला राजाजीनगरला एका फर्ममध्ये नोकरी लागली, पायी आणि एक बस, पगार नागपूरपेक्षा जास्त.

करार एकदा रिन्यू झाला, भाडं पाच टक्के वाढलं. नागपूरचं घर अजून बंदच आहे, दिराकडे किल्ली, पावसाळ्यात ओल येते. ते भाड्याने द्यायचं असं भाऊजी म्हणतात, काका नाही म्हणतात, आणि भाचीची दहावी होईपर्यंत त्यावर बोलायचं नाही असं सध्या ठरलंय.